पूर्वाच्या नावाची मूठ

धडगावहून खाली येताना घाटात मोबाइल मुका होतो. आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे फोन लागला नाही म्हणून कोणी घाबरत नाही. त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी नेहमीसारखा जीपच्या मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. घाट संपला आणि खिशात फोन थरथरायला लागला. अण्णाचे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचे, मिस्ड कॉल एकावर एक. मी उलट फोन लावला. "तुन्ही वहिनी गई रे भाऊ," एवढंच तो म्हणाला. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं, गाडी थांबवली, पुढच्या माणसाला उठवलं आणि मला त्याच्या जागी बसवलं. इतक्या वर्षांच्या जाण्यायेण्यात पुढची सीट मला पहिल्यांदाच मिळाली. वहिनीला हे कळतं तर ती म्हणाली असती, "बरं व्हयनं, मन्हामुये बसाले तं मियनं!"

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होतो आणि नापास होण्याच्या बेतात होतो. तिनं मला कधी अभ्यास कर म्हटलं नाही. ती कुणालाच काही कर म्हणायची नाही. घरात कसलीही चर्चा चालू असो, शेताची, सोयरिकीची, निवडणुकीची, ती भिंतीला टेकून सुपात धान्य निवडत बसायची. मत विचारलं तर सुपातून एक खडा उचलून बाजूला टाकायची, जणू तोच आमचा मुद्दा होता. मी मात्र आमच्या घरातला मतांचा कारखाना. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं, आणि दोन्ही तितक्याच ठामपणे.

दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी पूर्वा शहाद्याला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. मातीच्या अभ्यासासाठी तिला जर्मनीच्या एका विद्यापीठात जागा मिळाली आणि घर ढवळून निघालं. अण्णा म्हणाला, "माती शिकाले इतला दूर? आठे काय माती कमी शे का?" सुरतचा एक नातेवाईक म्हणाला, पाठवा. दुसरा म्हणाला, पाठवाल तर पस्तावाल. मी चहा पिताना 'जाऊ दे तिला' म्हणायचो आणि जेवताना 'इथं काय वाईट आहे' म्हणायचो. शेवटी बायको वैतागली. "आधी तुमचं काय ते ठरवा, मग पोरीला विचारा." पण पोरीचंच ठरत नव्हतं. जागा नक्की करायची मुदत श्रावणात संपत होती आणि ती जेवण सोडून फिरत होती. ओसरीवर कोणी दिसलं की तोंड लपवायची, कारण दिसणारा प्रत्येक जण सल्ला द्यायचा.

एका दुपारी ती वहिनीजवळ जाऊन बसली. मी आत पेपर चाळत होतो, म्हणजे ऐकत होतो. "मोठी आई, मी जाऊ की नको?"

"माले काय इचारस? मी सुरतना पुढे गई नही."

"थंडीचं नाही गं वाटत, भाषेचंही नाही. नाहीतरी लग्न झालं की मी या घरातून जाणारच ना? आता गेले तर मधली थोडी वर्षंही गेली. मग मी या घरची होते तरी केव्हा?"

सूप थांबलं. खडा काही बाहेर पडला नाही. वहिनी "चहा टाकस" म्हणून उठून गेली. मला वाटलं, चला, इथंही उत्तर नाही.

मग कानबाई आली. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते, आणि तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. पाळण्यातल्या पोराचीही मूठ पडते. बायका निवडतात, दळून आणतात, रांधतात, पण त्यांच्या नावाची मूठ नसते. हे रोट भाऊबंदांबाहेर कुणाला देत नाहीत आणि थोड्या दिवसांत संपवावे लागतात. चक्कीवाल्याला आधी सांगून ठेवायचं, तो चक्की धुऊनपुसून वाट पाहतो, आधी कानबाईचं दळण, मग गावाचं. आमच्या घरी मूठ धरायचं काम वहिनीचं. अण्णा नाव घेणार, ती मूठ टाकणार.

त्या वर्षी नावं संपली, अण्णानं हात जोडले, आणि वहिनीनं डब्यात हात घालून आणखी एक मूठ टाकली. वर पाव मूठही.

"हाई कोना नावनी?" अण्णानं विचारलं.

"पूर्वाना नावनी."

"पोरीनी मूठ कोठे ऱ्हास?"

"चुकीसन पडनी," वहिनी शांतपणे म्हणाली. "आते काय देवीना गहूमा हात घालीसन काढशात का?"

अण्णाची पंचाईत झाली. चढवलेलं काढता येत नाही, आणि बाहेर चक्कीवाल्याचा माणूस दोनदा हाक मारून गेला होता. अण्णा माझ्याकडे बघायला लागला. मतांच्या कारखान्यात नेमका त्याच वेळी संप होता. शेवटी तो पुटपुटला, "ने बुवा, दळी आन." मूठ टाकताना कधी न चुकलेली बाई सव्वा मूठ चुकली, तीही वरच्या पाव मुठीसकट... हे कुणालाच पटलं नव्हतं. ती मात्र शेवटपर्यंत चूकच म्हणत राहिली.

पूर्वानं आपले रोट भाजीसोबत शेवटच्या घासापर्यंत खाल्ले. दुसऱ्या दिवशी कानबाई पोचवून नदीवरून परतताना ती वहिनीला म्हणाली, "मी गेले तर पुढच्या वर्षी माझी मूठ?"

"मी धरसू ना."

"आणि खाईल कोण?"

"तुन्हा बाप. त्याले दुसरं काय येस?"

त्या संध्याकाळी पूर्वानं जागा नक्की केली. मला कळवलं, विचारलं नाही. गेल्या श्रावणात वहिनीनं पुन्हा 'चूक' केली. अण्णानं या वेळी काही विचारलं नाही, नुसता खोकला. मी माझे आणि पोरीचे रोट खाल्ले आणि डॉक्टरांची बोलणीही खाल्ली.

वहिनी गेली त्या दिवशी जर्मनीहून पूर्वा फोनवर नुसतं विचारत राहिली, "पप्पा, मी निघू का? थांबतील का माझ्यासाठी?" थांबण्यासारखं नव्हतं. वहिनीला नेलं तेव्हा रात्र झाली होती. नंतर एकदा पूर्वा म्हणाली, "मी गेले नसते तर जवळ असते." हल्ली मतं सुचतच नाहीत. दमायला होतं.

यंदा आमच्याकडे कानबाई बसली नाही. घरात दुःख आहे. शेजारून गाणी ऐकू येत होती आणि आम्ही दोघे भाऊ ओसरीवर उगाच बसून होतो. वहिनीनं आजारी पडण्याआधीच कानबाईचे गहू निवडून, कडुनिंबाचा पाला घालून वेगळ्या डब्यात भरून ठेवलेत. ते दुसऱ्या कशाला वापरायचे नाहीत. पूर्वाचा व्हिडिओ कॉल आला. तिला तो डबा बघायचा होता. मी झाकण काढलं.

"पप्पा, माझी मूठ?"

"यंदा कुणाचीच नाही बेटा."

मागून अण्णा उठून आला. डब्यात वाकून पाहिलं, वाळलेला पाला बोटांनी वेचून काढला आणि माझ्या हातातल्या फोनकडे न बघता म्हणाला, "पुढला साल तुन्ही मूठ मी धरसू. मन्हा हात मोठा शे... तुन्हा बापले जास्त खावनं पडी."

मग तो परसात गेला आणि नव्या पाल्याची डहाळी तोडून घेऊन आला.