तारेवरचा पहिला हूक

मी सरकारची ऋणी आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. शाळेला एसटीचा पास फुकट होता, पुढे शिष्यवृत्ती मिळाली, आणि शेवटच्या वर्षी पूर्णेच्या कॉलेजला जाताना बायकांचे तिकीटच अर्धे झाले. याच सरकारने माझ्या वडिलांच्याही राहण्या-जेवणाची सोय वेळोवेळी केली. आबा तालुक्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमाल आहेत आणि हमालांच्या संघटनेचे पुढारी आहेत. त्यामुळे कोणी मोठा पाहुणा तालुक्यात यायचा असला की आदल्या दिवशी पोलीस त्यांना घेऊन जात. पाहुणा गेला की सोडून देत.

यात कुणाचा कुणावर राग नसे. सकाळी चहाच्या वेळेला जमादार येत, ओट्यावर बसत आणि मायला सांगत की वहिनी, साखर कमी. माय चहा देई आणि चहाबरोबर आबांची पिशवीही आणून ठेवी. टॉवेल, तंबाखू, बीपीची गोळी. लहानपणी मला वाटायचे, मंत्री आले की सगळ्यांच्याच वडिलांना गावाला जावे लागते.

आबांकडून धोका काय होता? ते सभेत उभे राहून विचारत, पोत्याचे वजन कमी कधी होणार? कागदावर ते फार पूर्वीच कमी झाले होते. मोंढ्यात मात्र पोते दाबून भरले जाई. भरायला सांगणारा एक आणि पाठीवर घेणारा दुसरा, एवढेच त्याचे कारण.

गेल्या सोयाबीनच्या हंगामात याच वजनावरून हमालांनी हूक टांगले. हूक म्हणजे लाकडी मुठीचा, वाकड्या लोखंडाचा. तो पोत्यात रुतवल्याशिवाय पोते पाठीवर येत नाही. आमच्या मोंढ्यात संप असा पुकारत नाहीत. पत्र्याच्या शेडमध्ये एक तार बांधलेली आहे. पुढारी आपला हूक तिच्यावर टांगतो, मागोमाग बाकीचे टांगतात, की काम बंद. उघडायचीही रीत ठरलेली आहे. ज्याने पहिला टांगला त्यानेच पहिला काढायचा आणि पहिले पोतेही त्यानेच घ्यायचे. त्याच्याआधी कुणी आपल्या हुकाला हात लावला तर पुढे त्याच्या पाठीवर पोते द्यायला कोणी उभे राहत नाही. ही रीत मोंढ्यातल्या कुत्र्यालाही माहीत आहे. सरकारला नव्हती.

त्याच आठवड्यात मंत्री येणार होते. मोंढ्याच्या मैदानावर सभा आणि सभेत कष्टकऱ्यांच्या गुणवंत मुलांचा सत्कार. गुणवंतांत मी होते. पत्रिकेत छापले होते, 'पालकांसह'.

जमादार नेहमीसारखे चहाला आले, पण या वेळी आबांना तहसीलदारांपुढे उभे केले. तहसीलदार तरुण होते, बोलायला गोड होते. त्यांनी हमीचा कागद पुढे केला. वर्षभर कुठल्याही आंदोलनात भाग घेणार नाही, एवढी सही करा आणि चहा पिऊन घरी जा, म्हणाले. आबा म्हणाले, चहा घरूनच पिऊन आलोय. त्यांना परभणीच्या तुरुंगात पाठवले.

पुढारी आत गेला म्हणजे संप संपला, असा साहेबांचा हिशेब. पण पहिला हूक टांगणाराच आत गेल्यावर तो हूक काढणार कोण? ज्यांना घरच्या अडचणीने कामावर यायचे होते तेही तारेकडे बघत बसून राहिले. मग वरून हुकूम आला की हूक ही हत्यारे आहेत. पोलिसांनी सगळे हूक तारेवरून उतरवले, गोणीत भरले आणि लाखेचे सील ठोकून ठाण्यात नेले. आता तर ज्याला संप मोडायचा होता त्याच्याही हातात काही उरले नाही. हमालांना संपावर ठेवायला आबांनी जन्मभर भाषणे केली. पोलिसांनी ते काम एका दुपारी केले.

मैदान सोयाबीनने भरलेले, पोती हलेनात. शिपाई लावून बघितले. एकाचा पट्टा तुटला. शेवटी सभा एका मंगल कार्यालयात हलवली. तिथे आदल्या दिवशीच्या लग्नाचे 'शुभविवाह' भिंतीवर तसेच राहिले होते.

मोंढ्यातले सगळ्यात मोठे अडते, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, ते आमच्या घरी आले. कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज मऊ. सत्कार समितीचे अध्यक्षही तेच. मला म्हणाले, "बाळा, तू शिकलेली हायस. बापाला समजावून सांग. एक सही, अन् उद्या तुझ्यासंगं स्टेजवर."

खोटे कशाला बोलू, मला ते हवे होते. आबांनी कधी माझे कॉलेज आतून पाहिलेले नव्हते. निदान स्टेज बघावे. अर्ध्या तिकिटात परभणी गाठली. जाळीच्या पलीकडे आबा उभे. मी सगळे सांगितले, सहीचेही.

त्यांनी विचारले, "सत्काराला काय देणार हायेत?"

"शाल आणि नारळ."

"मग जा. शाल घे. हितं फरशी लय गार हाय."

सहीबद्दल तेवढेच उत्तर मिळाले.

सत्कार छान झाला. मंत्री म्हणाले की कष्टकऱ्याच्या घरात ज्ञानाचा दिवा लागला, यासाठीच आमचे सरकार झटते आहे. सूत्रसंचालकाने सांगितले, गुणवंत मुलीचे वडील अपरिहार्य कारणाने येऊ शकले नाहीत. मग त्या अपरिहार्य कारणानेच खुर्चीवरून उठून स्वतःच्या हाताने माझ्या खांद्यावर शाल घातली. मी खाली उतरले आणि नारळ मायकडे देऊन तशीच स्टँडवर गेले. तुरुंगातल्या शिपायाने शाल झटकून तपासली, कुणी दिली विचारले. मी सांगितल्यावर त्याने ती नीट घडी घालून आत नेली.

मंत्री गेले, पण आबा सुटले नाहीत. आता गुन्ह्यात हत्यारे होती. इकडे मोंढ्यात गाड्या भरेनात आणि व्यापाऱ्यांचे फोन थांबेनात. शेवटी अप्पाच तहसीलदारांकडे गेले, म्हणाले की हमी मी देतो. संप करणाऱ्याच्या चांगल्या वर्तणुकीला ज्याच्याविरुद्ध संप होता तो जामीन राहिला. आबा सही न करता बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सगळे जमले. तार रिकामी. काढायला हूकच नाही, तर काम उघडायचे कसे? अप्पांनी त्याचीही तयारी केली होती. लोहाराकडून नवे हूक करून आणले होते. रीत पाळावी म्हणून त्यांनी मोठ्या भक्तीने, देवाला माळ घालावी तसा, त्यातला एक स्वतः तारेवर टांगला आणि आबांना म्हणाले, "काढा आता. झालं गेलं सोडा."

आबा जागचे हलले नाहीत. "पहिला तुमी टांगलाव अप्पा. आता तुमीच काढायचा."

मागून कुणीतरी म्हणाले, "संपात आले म्हणायचे अप्पा." सगळी शेड हसली, अप्पाही हसले. हसतच त्यांनी हूक काढला आणि आबांपुढे धरला. आबांनी घेतला नाही.

"ज्यानं काढला त्यानं पहिलं पोतं घ्यायचं. रीत हाय."

दोघांनी पोते उचलून धरले. अप्पांनी धोतर खोचले. आता मागे सरावे तर सगळा मोंढा बघत होता. पोते पाठीवर टेकले मात्र, अप्पांच्या तोंडून शंकराचे नाव निघाले आणि ते गुडघ्यावर बसले. ते पोते त्यांच्याच दुकानचे होते, त्यांच्याच मुनीमाने भरून घेतलेले. आबांनी हात देऊन त्यांना उठवले. अप्पांनी घामाने भस्म पुसलेल्या कपाळाने मुनीमाकडे बघितले आणि म्हणाले, "उद्यापासून कमी भर." मग आबांनी हूक घेतला.

आता अप्पांच्या दुकानी पोती हलकी येतात. शेजारच्या दुकानात अजून नाही. जुने हूक सीलबंद गोणीत आहेत, त्यांच्यावर कोर्टात तारखा पडतात, आबा तारखेला जातात. परवा पुन्हा एका मोठ्या पाहुण्याची पत्रिका आली. सकाळी जमादार ओट्यावर येऊन बसले, साखर कमी म्हणाले. मायने चहा ठेवला आणि पिशवीत गोळी, तंबाखू, टॉवेल भरून वर ती शाल घातली.