चपला हातात घेऊन चालणारा

आमच्या कृषी संशोधन केंद्रावर एक जुना मजूर आहे. सिरसाळ्याहून सायकलवर येतो, फाटकापाशी चपला काढून हातात घेतो आणि दिवसभर वावरात अनवाणी फिरतो. "पायाला मातीची वल कळती, सायब," म्हणतो. फक्त विहिरीमागच्या कोपऱ्यात जाताना तो चपला घालतो. मला ती त्याची लहर वाटायची.

आता केंद्राच्या मोकळ्या जमिनीवर घरं, दुकानं, शाळा होणार आहेत. विहिरीमागं मुलांचं मैदान. काल मी माझ्या मुलीला ती जागा दाखवायला नेलं. सँडल भिरकावून ती तिकडं पळाली. तो धावत आला आणि त्यानं आपल्या चपला तिच्या पायात सरकवल्या.

"सायब, फवारणीचं उरलेलं औषध लई वर्षं हितंच पुरलंय. खड्डे मीच खांदलेत."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"तुमच्या आधीच्या सायबाला सांगितलं व्हतं. कागदावर न्हाई, म्हनले."

मैदानाच्या नकाशावर सही माझी आहे.

मुलगी त्या मोठ्या चपलांत हसत उभी होती. तो पहिल्यांदाच तिथं अनवाणी उभा होता, आणि त्यानं पायांची बोटं आत आवळून धरली होती.