कर्णिकांना गाडी जमली नाही

दिनानाथ कर्णिकांना मोटारसायकल जमली नाही, ही गोष्ट अंबरनाथच्या त्या ओतकामाच्या कारखान्यात तीन वर्षं विनोद म्हणून सांगितली जायची. नुसती जमली नाही असं नव्हे, चांगली शिकवणी लावूनही जमली नाही. कॅन्टीनमध्ये नवा माणूस आला की कुणीतरी चहाचा ग्लास खाली ठेवायचं, हँडल धरल्याची नक्कल करायचं, 'आई गं' करत बाजूला कलंडायचं, आणि सगळं टेबल खदखदून हसायचं. कर्णिक समोरच बसलेले असायचे. तेही हसायचे.

कर्णिक तपासणी खात्यात सुपरवायझर होते. ओतून आलेला पंपाचा भाग हातात घ्यायचा, गेज लावायचं, उजेडात फिरवून बघायचा आणि पास की नापास ते सांगायचं, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. शहाऐंशी साली मॅनेजरसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. कंपनीचं बरंचसं काम तेव्हा बाहेर, उल्हासनगर कॅम्प एकमधल्या आणि शहाडच्या छोट्या वर्कशॉपांकडे जायला लागलं होतं. तिथे फिरून माल जागेवरच तपासणारा ऑफिसर हवा होता.

"जागा तुमचीच आहे, कर्णिक," साहेब म्हणाले. "गाडी कंपनी देईल. तुम्ही फक्त मोटारसायकलचं लायसन काढून आणा."

ऑफिसर! बदलापुरातल्या शिरगावच्या त्यांच्या दोन खोल्यांत त्या संध्याकाळी त्यांच्या आईने, माईंनी, देवापुढे साखर ठेवली. त्यांची मुलगी मीनल तेव्हा अकरावीत होती. तिने मैत्रिणींना सांगूनही टाकलं. फक्त कर्णिकांच्या पत्नी कुंदाताई पोळी लाटता लाटता थांबल्या.

"अहो, पण तुम्हाला हल्ली साधं रस्त्याने चालता येत नाही धड. गाडी कशी चालवाल?"

त्या चिडवत नव्हत्या. गेली दोन-तीन वर्षं कर्णिकांचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा, ताटाशेजारचं भांडं लवंडायचं, बाजारात कुणाला ना कुणाला धक्का लागायचा. माणूस मुळातच जरा वेंधळा, वयाबरोबर वेंधळेपणा वाढतो, असं घरातल्या सगळ्यांनी धरून टाकलं होतं. कर्णिकांनीसुद्धा.

"शिकेन की रीतसर," ते म्हणाले. "शिकवणी लावतो."

त्यावर सगळ्यात जास्त हसला तो जयदेव. कर्णिकांची इमारत उभी होती ती जमीन एके काळी जयदेवच्या बापाची. शेत गेलं, जयदेव कारखान्यात हातगाड्यांवरून माल हलवायच्या कामाला लागला, आणि जमिनीच्या आलेल्या पैशातून त्याने एक राजदूत मोटारसायकल घेतली. कामावर जाताना तो कर्णिकांना मागे बसवून न्यायचा.

"मोटारसायकलची शिकवनी?" तो म्हणाला. "आमचे गावान कोन गेला व्हता शिकाया? मी म्हशीवर बसलो, मंग सायकलवर बसलो, मंग हिच्यावर. भाऊ, माझा एक लायसनचा एजंट हाय वळखीचा. तुम्ही नुसतं जाऊन तोंड दाखवा, बाकी तो बघून घेईल. गाडी काय, हातात आली की येते आपोआप."

कर्णिकांचा जीव दोन्हीकडे ओढायला लागला. शिकवणी लावायची म्हणजे या वयात मैदानावर विशी-पंचविशीच्या पोरांच्या रांगेत उभं राहायचं. नाही लावायची म्हणजे एजंटाच्या मागे जायचं. तपासल्याशिवाय एकही माल आपण पास केला नाही, मग न तपासता आपणच कसं पास व्हायचं, असं त्यांनी कुंदाताईंना ऐकवलं. ते खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. खरं म्हणजे त्यांना भीती वाटत होती. जयदेवच्या मागे बसलं की बाजूने येणारे ट्रक एकदम, जमिनीतून उगवावेत तसे समोर यायचे आणि ते डोळे मिटून घ्यायचे. जयदेवला तसं काही होत नसावं, नाहीतर तो शिट्टी वाजवत गाडी चालवता ना. आपण भित्रे आहोत, आणि शिकल्याने भीती जाते, एवढाच हिशेब त्यांनी केला आणि शिकवणी लावली.

लावली तीही थेट कॅम्प एकमध्ये, कारखान्यातलं कुणी बघू नये म्हणून. परसराम नावाचा एक थोराड सिंधी गृहस्थ तिथल्या मैदानावर मोटारसायकल शिकवायचा. पांढरा लेंगा-सदरा, पायात चप्पल, आणि बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. "डरो मत साईं, गाडी म्हणजे बायको नाही, जिकडे वळवाल तिकडे वळेल," असं म्हणून त्याने कर्णिकांना पहिल्या दिवशी बसवलं.

आणि गंमत अशी, की गाडी कर्णिकांना जमायला लागली. क्लच हळू सोडणं, गिअर टाकणं, ब्रेक जपून दाबणं, यात त्यांचा हात हलका होता. सरळ रेषेत तर ते अशी गाडी न्यायचे की परसराम इतर पोरांना ओरडून सांगायचा, "देखो, इनको देखो!" घरी येऊन कर्णिक पाय धुताना गुणगुणायचे. कुंदाताईंनी त्यांना गुणगुणताना किती वर्षांनी ऐकलं होतं!

घोडं पेंड खायचं ते आठ आकडा काढताना. परीक्षेत आठ काढावाच लागतो. परसराम विटा मांडून ठेवायचा आणि डावीकडच्या वळणावर कर्णिक हमखास वीट उडवायचे. उजवीकडे क्वचित. "लेफ्ट में देखो ना साईं!" परसराम ओरडायचा. कर्णिक म्हणायचे, बघतो की. आणि ते खरोखरच बघत होते.

परीक्षा तोंडावर आली होती त्या सकाळची गोष्ट. मैदानाच्या कडेला नळ होता आणि बनूबाई नावाची एक म्हातारी डोक्यावर हंडा घेऊन नेहमीच्या वाटेने मैदान तिरकं ओलांडत होती. कर्णिकांची गाडी सरळ चाललेली, ऊन स्वच्छ, आडोसा कसलाच नाही. परसराम किंचाळला तेव्हा कर्णिकांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण पुढचं चाक म्हातारीच्या लुगड्याला लागलेलं, हंडा खाली, पाणीच पाणी. बनूबाई मटकन बसली. लागलं मात्र नव्हतं.

"अंधा है क्या?" परसराम धावत आला. त्याचा चेहरा भीतीने पांढरा पडला होता. "सामने से आ रही थी बाई! पूरा मैदान पार करके! तुमको दिखता नहीं क्या?"

कर्णिक गाडी धरून उभे राहिले. ती बाई त्यांना दिसली नव्हती. उशिरा दिसली असं नाही, दिसलीच नव्हती. मैदान रिकामं होतं, आणि मग त्यात एकदम एक म्हातारी होती.

त्यांनी हंडा उचलून तिच्या हातात दिला, तिच्या पाया पडले आणि कामावर न जाता घरी आले. कुंदाताई माईंना घेऊन देवळात गेल्या होत्या. मीनल एकटीच अभ्यास करत होती.

"मीनू, एक काम कर. मी भिंतीकडे तोंड करून बसतो. हलणार नाही. तू माझ्या डावीकडून, कपाटापासून हळूहळू पुढे ये. दिसलीस की मी सांगतो."

मीनलला आधी खेळ वाटला. ती पावलापावलाने पुढे यायला लागली. "दिसले?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"बाबा, उगाच काय! मी तुमच्या शेजारी उभी आहे. आता तरी?"

"नाही, बाळा."

ती आणखी पुढे आली. ते म्हणाले, "हां, आता," तेव्हा तिचा परकर त्यांच्या गुडघ्याला लागत होता. मग त्यांनी एकेक डोळा हाताने झाकून तेच पुन्हा करायला लावलं. माल पुन्हा पुन्हा तपासावा तसं. मीनल केव्हा रडायला लागली ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. तेव्हा ती त्यांच्या डावीकडे होती.

कल्याणच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डोळ्यातला दाब वाढतो, कडेची नजर आधी जाते, समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं; म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायला जन्मभर थेंब घालायचे. "आणि गाडी विसरा," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी बदलापूरला परतल्यावर नवरा-बायको स्टेशनाबाहेर बाकावर बसले.

"साहेबांना सांगून टाका," कुंदाताई म्हणाल्या. "डोळ्यांपुढे कसली लाज?"

"आणि काय सांगू? मी माल तपासणारा माणूस आहे, कुंदा. नजर गेली म्हटलं तर ऑफिसरची जागा राहू दे, आहे ती नोकरीसुद्धा जाईल. समोरचं मला स्वच्छ दिसतंय. हातातला माल दिसतोय. अजून मीनलचं शिक्षण आहे."

कुंदाताईंनी थेंबांची बाटली पिशवीत रुमालाखाली लपवली. तिथेच ते ठरलं, कुणाला सांगायचं नाही.

कर्णिकांनी साहेबांना सांगितलं, की मला गाडी जमत नाही, भीती वाटते. साहेबांनी पुन्हा पुन्हा विचारलं, मग खांदे उडवले. ऑफिसरची जागा धर्मराज नावाच्या तरुण सहकाऱ्याला मिळाली. आणि कॅन्टीनला विनोद मिळाला. नक्कल सगळ्यात झकास करायचा तो जयदेव. त्यात वाकडं काही नव्हतं. कर्णिकही हसतात म्हटल्यावर तो आणखी रंगात यायचा. रोज सकाळी मात्र त्याच कर्णिकांना मागे बसवून तो कारखान्यात न्यायचा. कर्णिक त्याच्या खांद्याला घट्ट धरून बसायचे आणि तो म्हणायचा, "भाऊ, आता तरी भिऊ नका!"

असं तीन वर्षं चाललं. थेंब चालू होते, नजर आक्रसत होती. कर्णिक भिंतीच्या कडेने चालायला शिकले, कुणी हाक मारली की सगळं अंग वळवायला शिकले. लोक म्हणायचे, कर्णिक हल्ली साहेबासारखे रुबाबात वळतात.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात एका दुपारी ते तपासणी खात्यातून भट्टीकडे निघाले. मधली वाट ओलांडायला त्यांनी पाऊल टाकलं आणि डावीकडून ओतीव मालाने भरलेली हातगाडी येत होती. ती जयदेव ढकलत होता. त्याने आरोळी दिली, पण भट्टीच्या आवाजात ती ऐकू आली नाही. समोरचा माणूस थांबत नाही हे बघून त्याने सगळ्या ताकदीने गाडी बाजूला ओढली. गाडी कलंडली. सगळा माल त्याच्याच पायावर आला.

पाऊल वाचलं, पण चेंदामेंदा होऊन. चौकशीत ठरलं, की गाडीत माल जास्त भरला होता आणि ती बेफाम ढकलली. जयदेवला कामावरून बंद केलं. कर्णिकांना कुणी दोष दिला नाही. उलट, थोडक्यात वाचलात, असंच सगळे म्हणाले. दोन दिवस त्यांनी घरी अन्न घेतलं नाही. माई विचारत राहिल्या, "दिना, पोटात दुखतंय का रे?" तिसऱ्या दिवशी ते केबिनमध्ये जाऊन उभे राहिले.

"साहेब, जयदेवची चूक नाही. मला डावीकडचं दिसत नाही. तीन वर्षं झाली कळून."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आणि तीन वर्षं तुम्ही माल पास करत होतात?"

समोरचं दिसतं, हे म्हणणं कर्णिकांनाच तिथे लंगडं वाटलं. जयदेवला कामावर परत घेतलं. कर्णिकांना आधी गेटवरच्या टेलिफोनपाशी बसवलं, आणि वर्षभराने राजीनामा द्यायला सांगितलं. त्यांनी पास केलेला गोदामातला माल कंपनीने पुन्हा तपासला. त्यात एकही भाग खराब निघाला नाही, पण ते त्यांना येऊन सांगावंसं कुणाला वाटलं नाही.

केबिनमधून निघाले त्याच संध्याकाळी ते इस्पितळात जयदेवला भेटायला गेले. खाटेच्या कडेला धरत धरत जवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. जयदेव छताकडे बघत ऐकत होता.

"मंग तवाच का नाय बोललात, भाऊ?" तो शेवटी म्हणाला. "मी नकला करत व्हतो तुमच्या. सगळ्यांपेक्षा जास्त मीच."

"तू हसवत होतास म्हणून तर कुणी काही विचारलं नाही."

जयदेवने तोंड भिंतीकडे फिरवलं. नंतर कितीतरी महिने तो कर्णिकांच्या जिन्यावरून वर आला नाही. रागाने की लाजेने, ते त्यालाच ठाऊक.

मीनलला बी.एस्सी. पूर्ण करायचं होतं. तिने कॉलेज सोडलं आणि बदलापुरातल्या एका पतपेढीत नोकरी धरली. कुंदाताई शिवणकाम करायला लागल्या. कर्णिक घरात सरावाने वावरायचे. तांदूळ निवडायला बसले की बोटांनी खडे ओळखायचे. तक्रार करायचे नाहीत, आणि त्यांचं ते तक्रार न करणंच कुंदाताईंना सगळ्यात जड जायचं. पंच्याण्णवपर्यंत त्यांच्या नजरेला एखाद्या नळीतून बघावं एवढंच जग उरलं होतं.

त्याच वर्षी मीनलचं लग्न ठरलं. लग्न अंबरनाथच्या एका छोट्या हॉलमध्ये होतं. कर्णिक दाराशी उभे, डावीकडे कुंदाताई. पाहुणे आले की त्या हळू आवाजात नाव सांगायच्या आणि कर्णिक त्या बाजूला वळून हात जोडायचे. जयदेव काठी टेकत आला, कर्णिकांचा हात हातात धरून उभा राहिला आणि आत जाऊन पंगतीच्या मांडामांडीला लागला.

मध्येच कुंदाताईंना आत बोलावणं आलं. नेमके तेव्हाच नवऱ्या मुलाचे मामा हिंदुराव डावीकडून आले. त्यांनी नमस्कारासाठी हात जोडले. कर्णिक समोर, रिकाम्या दाराकडे बघत हसतमुखाने उभे होते. हिंदुराव क्षणभर थांबले, हात खाली घेतले आणि बायकोला म्हणाले, "मुलीचा बाप भलताच मानी दिसतो."

मीनल मुंडावळ्या बांधून पाटावर बसली होती. तिला ते दिसलं आणि ऐकूही गेलं. भटजी "अहो, ताई" म्हणत असताना ती उठली, शालू सावरत दारापर्यंत आली आणि वडिलांच्या डावीकडे उभी राहिली.

"बाबा, मी आहे," ती म्हणाली. "इथे हिंदुरावमामा आलेत."