तिसऱ्या सिलिंडरची टकटक

मामंजींना घरात दोन आवाज खपत नसत. एक गाडीचा आणि दुसरा माझा. माझ्या आवाजाचा बंदोबस्त त्यांनी लग्नानंतर महिन्याभरातच केला होता. गाडीच्या आवाजाचा त्यांच्या चिरंजीवांनी केला, आणि तिथून पुढची सगळी भानगड सुरू झाली.

चिरंजीव म्हणजे माझे यजमान, जयपूरच्या एका इस्पितळात डॉक्टर. छातीतले आवाज ऐकण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, असं लोक म्हणत, आणि ते स्वतःही म्हणत. मामंजी साताऱ्याकडचे निवृत्त मामलेदार. पेन्शन घेऊन आमच्याकडे आले आणि बनीपार्कातल्या आमच्या एवढ्याशा बंगलीचा त्यांनी तालुका करून टाकला. मी मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत असे. त्यावर त्यांचा निवाडा असा होता की सुनेने टांग्यात परक्या पुरुषाच्या पाठीला पाठ लावून जाऊ नये, सायकलरिक्षातून तर नाहीच नाही, पण घरच्या गाडीतून गेली तर हरकत नाही. ‘गाडी आहे तोवर नोकरी.’

हे औदार्य फुकटचं होतं. आमची गाडी एका ठाकूरसाहेबांनी टाकून दिलेली विलायती चार सिलिंडरवाली. ती दिवाळीही बघणार नाही, असा मामंजींचा हिशेब होता. त्या गाडीने दिवाळी पाहिली, होळी पाहिली, आणि मी तिच्यावर गाडी चालवायलाही शिकले.

मग एका रविवारी यजमानांना इंजिनात टकटक ऐकू आली. माणूस असो की मोटर, हे कान लावल्याशिवाय राहायचे नाहीत. स्टेथोस्कोप आणून इंजिनाला लावला आणि गंभीर चेहरा करून म्हणाले, “तिसऱ्यात मर्मर आहे.” व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा टॅपेट या दोघांत बारीकशी फट असते, ती वाजते. यांनी पाना घेतला आणि आवाज पार बंद होईतो ती फट मिटवली. गाडी शाळिग्रामासारखी गप्प झाली. मामंजी म्हणाले, “याला म्हणतात डॉक्टर!” दोघे बापलेक दिवसभर फुगून होते.

त्याच आठवड्यात गाडी लंगडायला लागली. सकाळी घरून निघताना ठणठणीत, पण चांदपोल येईतो अंग तापलं की थडथड, थडथड. चढ आला की रडायची. कॉलेजच्या फाटकात मुली विचारत, “बहनजी, गाड़ी को खाँसी हो गई क्या?”

अजमेरी गेटजवळच्या मिस्त्रीने बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, “रिंग गई, डॉक्टर साब. इंजन खोलना पड़ेगा.” यजमानांच्या इस्पितळातले एक सर्जन येईल त्याला टॉन्सिल काढायला सांगत, त्यांचाच हा भाऊ शोभला असता.

मामंजींना आनंद लपवता येईना. जोहरी बाजारातल्या कुणा शेठजींना त्यांनी परस्पर निरोपही धाडला. शेठजी रविवारी गाडी बघायला येणार होते. “सूनबाई, सुटलात,” मामंजी म्हणाले. “आता घरी बसा, लोणची घाला.” मला लोणचं घालता येत नाही. आणि खरं सांगते, त्या रात्री मला भयंकर भीती वाटली. वर्गात उभं राहून बोलण्याचे ते तीन तास सोडले, तर माझं असं या गावात काही नव्हतं.

शनिवारी दुपारी मी यजमानांना म्हटलं, “अहो, पेशंट न तपासता विकायचा असतो का?” हे बरोबर लागलं. त्यांनी बाह्या सरसावल्या.

गाडी फिरवून तापवून आणली. इंजिन चालू ठेवून प्लगच्या तारा एकेक करून काढल्या. पहिली काढली तर इंजिन अडखळलं, दुसरी काढली तर अडखळलं, तिसरी काढली तर काही फरकच नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर नुसता पगार खात होता. प्लग बदलून पाहिला, ठिणगी चांगली होती. मग सगळे प्लग काढून मी एकेका भोकावर अंगठा दाबला आणि यजमानांनी पुढून हँडल फिरवलं. तिघांनी अंगठा उडवून लावला. तिसऱ्याने नुसती फुंकर मारली.

आता दाब गळतोय कुठून, पिस्टनभोवतीच्या रिंगांतून की व्हॉल्व्हमधून? वरून थोडं तेल ओतायचं. तेलाने रिंगांच्या फटी बुजून दाब वाढला तर रिंगा गेल्या, मिस्त्री खरा आणि माझी नोकरी गेली. घरात जाड तेल एकच होतं, मामंजींचं एरंडेल. दर रविवारी ते स्वतः घेत आणि आम्हालाही बळेच पाजत. मी दोन चमचे तिसऱ्या सिलिंडरला पाजले.

“अहो, औषध आहे ते!” मामंजी ओसरीवरून ओरडले.

“पेशंटलाच दिलंय, बाबा,” यजमान म्हणाले.

पुन्हा हँडल फिरवलं. तीच फुंकर. मला नाचावंसं वाटलं. रिंगा शाबूत होत्या! मग व्हॉल्व्ह. पण बिघडलेला व्हॉल्व्ह गाडी थंड असताना बरा आणि तापल्यावर वाईट कसा?

हा प्रश्न मनात आला आणि मी तिथेच मातीत बसले. दरवर्षी पहिल्या वर्गात मी तोच प्रयोग करून दाखवायची. थंड गोळा कडीतून जातो, तापवला की अडकतो, कारण धातू तापला की वाढतो. व्हॉल्व्हही वाढणार. त्याला वाढायला जागा म्हणून तर ती फट होती! जागा नाही म्हणून तो टॅपेटवर टेकून उघडाच राहत होता.

“अहो,” मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाले, “तुमचा पेशंट बरा होता हो. ते ठोके होते त्याचे.”

यजमानांनी पाना खाली ठेवला. नेमकी फट ठेवायला मापाची पट्टी हवी, म्हणून आत जाऊन एक जुनी एक्स-रे फिल्म घेऊन आले. तिची जाडी गाडीच्या पुस्तकात दिलेल्या फटीएवढी भरेल, असा माझा अंदाज होता. कॉलेजात जाऊन स्क्रूगेजने मोजली, तर दुहेरी केल्यावर जमत होती. कुणाच्या तरी बरगड्यांची पट्टी मध्ये घालून आम्ही टॅपेट लावला. गाडी तापवली, अंगठा ठेवला. तिसऱ्याने तो असा उडवला की नख दुखलं.

रविवारी शेठजी आले. गाडी सुरू केली तर एरंडेलाचा निळा धूर निघाला. शेठजींनी नाकाला उपरणं लावलं. धूर सरला, चारही सिलिंडर झकास चालू लागले, आणि त्यांच्यावर टकटक, टकटक.

“पाहिलंस?” मामंजी यजमानांना म्हणाले. “परत वाजायला लागली. खटारा आहे. देऊन टाक.”

यजमानांचे कान लाल झाले. ज्या कानांवर त्यांची इस्पितळात सगळी मिजास, ते. मला वाटलं, आता हे गप्प बसणार. बापासमोर ते नेहमीच गप्प बसत.

“बाबा, टकटक मीच बंद केली होती,” ते म्हणाले. “गाडी बिघडली नव्हती. मी बिघडवली. हिने शोधून काढलं. विकायची नाही.”

शेठजी चहा पिऊन गेले. मामंजी जेवले नाहीत, पण एरंडेल मात्र घेतलं.

सोमवारी सकाळी मी गाडी काढली. मामंजी फाटकापाशी उभे होते.

“सूनबाई, आवाज येतोय.”

“येणारच, मामंजी,” मी म्हणाले. इतक्या मोठ्याने की शेजारचा माळी वळून बघायला लागला. “त्याची सवय करा आता.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं, आणि फाटक उघडलं.