गुलाबाच्या पाण्यात मीठ

लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्या दिवशी माझे सासरे आयुष्यात पहिल्यांदा बायकोसाठी फुलं घेऊन आले. मनवेलपाड्याच्या नाक्यावरून, सहा लाल गुलाब. सासूबाई म्हणाल्या, "कशाला आणलीत? दोन दिवसांत माना टाकतील."

बाबांना ते लागलं. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, म्हणून ते माझ्याकडे आले. "सूनबाई, आठवडाभर टिकली पाहिजेत. काहीतरी कर."

मी देठ पाण्याखाली धरून तिरके कापले, खालची पानं काढली. लिटरभर पाण्यात चमचाभर साखर घातली, ते फुलांचं जेवण. थोडा लिंबाचा रस, म्हणजे देठ पाणी नीट ओढतात. आणि जंतू मरायला ब्लीचचे दोन-चार थेंब. "आठ दिवसांची गॅरंटी," मी छातीठोकपणे सांगितलं.

तिसऱ्या सकाळी सहाच्या सहा माना खाली. बाबांनी चपला घातल्या आणि ताजे गुलाब आणले. मी पुन्हा पाणी तयार केलं. पुन्हा तेच. असं चार वेळा झालं. माझ्या पदवीवरून माझाच विश्वास उडत चालला.

एका दुपारी शाळेतून लवकर आले, तर सासूबाई फुलदाणीत मूठभर मीठ टाकत होत्या.

"आई!"

"हळू बोल, ते झोपलेत." बाई जराही वरमल्या नाहीत. "चाळीस वर्षांत कधी नाही ते दर तिसऱ्या दिवशी फुलं येताहेत. तू कशाला टिकवतेस गं?"

मी तिथेच फितूर झाले.

पण माझी कृती समोरच्या इमारतीतल्या काकूंनीही नेली होती. त्या नऊ दिवसांपूर्वीचे, अजून टवटवीत असलेले गुलाब मिरवत आल्या. बाबांनी पाकळ्या चाचपून पाहिल्या आणि निकाल दिला, "म्हणजे द्रावण बरोबर आहे. आपल्या टाकीचंच पाणी खराब!"

त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींची पाठ सोडली नाही. रविवारी टाकी उपसली, तर तळाशी खरंच घमेली भरभरून गाळ निघाला. अख्खी इमारत जिन्यात उभी राहून बाबांचं कौतुक करत होती. सासूबाई सर्वांत पुढे होत्या. "ह्यांना आधीपासून संशय होताच हो," असं प्रत्येकीला सांगत होत्या. मला मात्र हसू आवरेना. खोकल्याचं निमित्त करून मी घरात पळाले.