सहा रकाने, सहा शून्यं

"सगळं हिरवं आहे ना? मग सही करा मॅडम, दुपारी ट्रायल आहे," साहेब म्हणाले.

नागापूर एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात उसाच्या मोळ्या उचलून ट्रॉलीत भरणारा लोडर बनतो. त्याच्या बूमचं, म्हणजे लांब लोखंडी हाताचं, कम्प्युटरवरचं अ‍ॅनालिसिस माझ्याकडे. हिरवं म्हणजे टिकणार, लाल म्हणजे मोडणार. साहेबांचं इंजिनिअरिंग या दोन रंगांत आटोपतं.

बूम बुडाशी एका पिनवर फिरतो. मॉडेलमध्ये तिथे मी रिमोट डिस्प्लेसमेंट दिलं होतं. म्हणजे पिनच्या भोकाची कड मधल्या एका बिंदूला बांधायची, आणि त्या बिंदूने किती हलायचं ते सहा रकान्यांत सांगायचं. तीन सरकण्याचे, तीन फिरण्याचे. 'फ्री' म्हणजे खुशाल हल, शून्य म्हणजे जागचं हलायचं नाही. आता आमच्याकडे ऑडिटची दहशत अशी, की कुठल्याही फॉर्मात रकाना मोकळा सोडायचा नाही. काही नसेल तर शून्य टाका. या थोर संस्कारांत वाढलेल्या मी सहाही ठिकाणी शून्य ठोकून दिलं होतं. लई शिस्तीत.

शेडमध्ये आमचे ट्रायल ऑपरेटर, पुणतांब्याचे भाऊसाहेब, पिनला ग्रीस भरत होते. त्यांची सीट बूमच्या बरोब्बर खाली. मी कौतुकाने लॅपटॉपवरचं हिरवं चित्र दाखवलं, बुडाशी तेवढं जरा गडद.

"ताई, समदा जोर हितं बुडालाच? अन् बूम उचलणारा ह्यो सिलिंडर काय शोभेला हाय व्हय? पिन तर गरागरा फिरती. ती कशाला बूम धरून ठिवंल?"

मी ते सहा रकाने पुन्हा उघडले. पिनभोवतीचं फिरणंच मी बंद करून टाकलं होतं. जणू बूम बुडाशी वेल्ड केलाय. तो एक रकाना फ्री करून पुन्हा रन घेतला. सगळा भार सिलिंडर बूमला जोडणाऱ्या ब्रॅकेटवर. लालभडक.

"रंगाची स्केल बदलून बघा की, हिरवं दिसेल," साहेबांनी तोडगा काढला.

"बदलते. मग पहिली मोळी तुम्ही सीटवर बसून उचला."

साहेबांना तत्काळ सुरक्षिततेचं महत्त्व पटलं. सीट रिकामी ठेवून, लांबून दोरीने लिव्हर ओढत ट्रायल झाली. तिसऱ्या मोळीला ब्रॅकेटचं वेल्डिंग उकललं आणि बूम धाडकन सीटवर आला. सीटचा पार चेंदामेंदा.

"मला वाटतच होतं," साहेब म्हणाले.

भाऊसाहेबांनी बाजूला जाऊन घरी फोन लावला. "जेवलीस का?" एवढंच विचारलं.

हल्ली सही करण्याआधी मी मशीन चालवणाऱ्याला बोलावते. त्याला सॉफ्टवेअर येत नाही. त्याला फक्त बूमखाली बसायचं असतं.