पाटील मॅडमचा दोरा

नसीम, मी उदगीर सोडलं त्या सकाळी स्टँडवर अब्बांनी माझ्या हातात नकाशा दिला आणि तू फिदीफिदी हसलीस. लोकांच्या मुली लोणची-पापड घेऊन निघतात. आपले अब्बा देतात लांब काठीवर गुंडाळलेला भारताचा कापडी नकाशा, झेडपीच्या शाळेतून निवृत्त होताना निरोपसमारंभात शालीऐवजी मागून घेतलेला. कंडक्टर म्हणाला, "बाई, हा भाला मागं ठेवा." अब्बांनी ठेवू दिला नाही. खिडकीशी येऊन म्हणाले, "झूट याद रखना पडता बेटी, सच नई." मला ते फळ्यावरच्या सुविचारासारखं वाटलं. पिंपरी येईपर्यंत नकाशा मांडीवर आडवा होता आणि शेजारची बाई दर वळणाला माझ्या नावानं बोटं मोडत होती.

शाळा पिंपळे गुरवला, म्हणून खोलीही तिथंच शोधली. तीन ठिकाणी पूर्ण नाव सांगितलं. तिन्ही खोल्या नेमक्या कालच गेल्या होत्या. चौथ्या दारात मी दमले होते. घरमालकीण आजींनी गळ्यातलं शाळेचं ओळखपत्र वाचलं. रेश्मा पाटील, एवढंच. "पाटलाची लेक व्हय? मग कागद कशाला? ऱ्हा अकरा म्हयने, मग बगू." आपल्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की पाटील मुसलमानही असतात. आजींना ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही. खोटं तर बोलले नाही ना, असं स्वतःला समजावत मी बॅग आत घेतली. ईदला आता मी आजींच्या लेखी 'गावच्या जत्रेला' येते, हे तुला आज पहिल्यांदा कळतंय.

मला चौथीचा वर्ग मिळाला. अर्धी मुलं जुन्या गावकऱ्यांची, ज्यांच्या शेतात आता चार-चार मजले उगवलेत. अर्धी त्या मजल्यांवर भाड्यानं राहणाऱ्यांची, बाप चाकणच्या कंपनीत शिफ्टला. मी अब्बांचा नकाशा भिंतीवर लावला आणि मुलांना देशाची गोष्ट सांगायला लागले. मिरची समुद्रापलीकडून आली. 'जमीन' आणि 'मालक' हे शब्दही लांबून चालत आले. आजींचा नातू ओम माझ्याच वर्गात, त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग ठरलं की आपण एक हातानं लिहिलेलं पुस्तक करायचं, 'आमचा वर्ग कुठून आला', पुढच्या वर्षीच्या मुलांना वाचायला. प्रत्येकाचं एक पान: नाव, वडिलांचं नाव, गाव. आणि नकाशावर आपल्या गावापासून शाळेपर्यंत लोकरीचा दोरा. मला वाटलं होतं, काय सुंदर जाळं होईल.

अंजलीनं पानावर गाव लिहिलं: खेड. ती ओमपेक्षा अस्सल बोलायची, "आमी न्हाई येणार, आमच्यात पाव्हणे हायत." ती इथलीच, असं सगळा वर्ग समजायचा. पण दाखल्यावर जन्मस्थळ छपरा, बिहार असं होतं आणि दाखला माझ्याकडे होता. मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "अंजली, पुस्तकात खरंच लिहायचं. लाज कसली?" ती खोडरबरानं खोडत राहिली, कागद फाटेपर्यंत. मीच नवा कागद दिला. मीच तिचा दोरा बांधला, वर्गातला सगळ्यात लांब. अब्बांची शिकवण पाळल्याचं समाधानही झालं मला. थू माझ्यावर.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत खेळ सुरू झाला. गावकऱ्यांची पोरं एखाद्याचं दप्तर उचलून दाराबाहेर ठेवायची आणि ओरडायची, "अकरा महिने झाले, खोली खाली करा!" ज्याचा दोरा लांब, त्याचा नंबर आधी. अंजलीला बाकावर बसूच देईनात. कालपर्यंत तिच्या डब्यात हात घालणाऱ्या मुली नाकाला रुमाल लावायला लागल्या. मी ओमचा कान धरला. तो रडला नाही की घाबरला नाही. शांतपणे म्हणाला, "मॅडम, कोण कुठलं ते तुमीच तर दाखवलं."

तेव्हा अंजली दारातून, दप्तर छातीशी धरून म्हणाली, "मॅडम, तुमचं पान कुटं हाय?"

एक पान भरलं असतं, खरं, सगळं, तर पोरांना कळलं असतं की दप्तर बाहेर ठेवायचं तर मॅडमचंही ठेवावं लागेल. ज्या मॅडमच्या हातचे लाडू ओम दिवाळीत खातो, त्या मॅडमचं. मी खडू ठेवला आणि कागद घेतला. नाव: रेश्मा पाटील. गाव: उदगीर. वडिलांचं नाव या ओळीपाशी ओम टाचा उंचावून बघत होता. मी तिथं लिहिलं, 'शिक्षक'. अंजलीनं ते वाचलं. मुलांना चुका दाखवायला मीच शिकवलं होतं, पण तिनं कागद तसाच मला परत दिला.

आठवड्यानं तिचे वडील कंपनीच्या गणवेशात दाखला न्यायला आले. "मॅडम, बच्ची बोलती है इधर नहीं पढ़ना." मी थांबा म्हणाले नाही. आपल्याकडे निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, आणि मराठी त्या पोरीला आपल्यापेक्षा चांगली यायची. ती म्हणाली, "जाते, मॅडम."

त्या संध्याकाळी आजी ताटलीत अळूवड्या घेऊन आल्या. "ती भय्याची पोर गेली म्हनं. बरं झालं. आपल्यात आपली मान्सं असली की कसं बरं वाटतंय, तुज्यासारखी." वड्या गरम होत्या. मी चार खाल्ल्या. माझे अकरा महिने त्याच आठवड्यात संपत होते. आजींनी आणखी अकरा दिले, पुन्हा कागदावाचून.

पुस्तक वर्गाच्या कपाटात आहे. यंदाची मुलं अंजलीचं पान उघडून विचारतात, ही कोण? मी म्हणते, होती एक. नकाशा मात्र मी गुंडाळून खोलीत आणला, पलंगाखाली ठेवलाय.

तू विचारतेस, अब्बा इतकं म्हणतायत तर त्यांना एकदा बोलावत का नाहीस. अब्बा पांढरी टोपी घालून येतील आणि कुणी विचारायच्या आत दारातच सांगतील, "मी दस्तगीर पाटील, रेश्माचे वडील." ज्या दारात त्यांना हे म्हणता येईल, ते माझं घर. इथं माझी फक्त खोली आहे, आणि मला ती सोडवत नाही. मी त्यांना सांगितलंय की खोली चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, तुमच्या गुडघ्यांना जमायचं नाही.

मी तळमजल्यावर राहते, नसीम. त्यांनी तुला विचारलं, तर चौथा मजला सांग. लक्षात ठेव.